काकांच्या खेळाबद्दल

इंदूर

प्रिय मित्रा,

काकांच्या आयुष्यावर तू बनवलेला व्हिडिओ गेम, तुझा खेळ, पाहिला. नंदानगरचं तुमचं घर मी खिडकीच्या गजांवरूनच ओळखलं, इतकी चित्रं छान उतरली आहेत. पण काकांची सगळी गोष्ट तू निवेदकाच्या तोंडी घातलीस, ते मला पटलं नाही. मिल बंद झाली, काका खचले, काकूंनी शिवणकाम करून घर चालवलं... तो आवाज सांगत राहतो आणि मी नुसतं बटण दाबत पुढे जातो. अरे, खेळणाऱ्याच्या हाताला जे करावं लागतं, खेळात तीच गोष्ट असते.

‘फ्लोरेन्स’ खेळून बघ. मेलबर्नच्या माउंटन्स या छोट्या स्टुडिओने २०१८मध्ये काढलेला, तासाभराच्या आत संपतो. फ्लोरेन्स आणि क्रिश पहिल्यांदा भेटतात तेव्हा तिचं बोलणं आपण तुकडे जुळवून तयार करायचं. आधी तुकडे पुष्कळ असतात, ओळख वाढते तसे कमी होत जातात. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. दोघांचं जमलं, बिनसलं, हे कुणी सांगत नाही, बोटांना कळतं.

आणि २०१६चा ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’. रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याने आपल्या मुलाच्या आजारपणावर तो करायला घेतला, तेव्हा जोएल हयात होता. २०१४मध्ये, पाच वर्षांचा असताना तो गेला. आईबापांनी काम पूर्ण केलं. त्यात हॉस्पिटलमधली एक रात्र आहे. पोर रडतंय, बाप आपण. खोलीत जे करता येईल ते सगळं करून पाहावं, रडणं थांबत नाही. बटण दाबलं की काहीतरी साधतं, ही आपल्याला खेळांनी लावलेली सवय. इथे काही म्हणजे काही साधत नाही. सिनेमात त्या बापाची दया आली असती. इथे आपणच कमी पडतो. मला तो प्रसंग सलग खेळवला नाही.

आता काका. मिल बंद झाल्यावरही पहिल्या पाळीच्या वेळेला उठून ते सायकल पुसायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. मग ते खेळात का नाही? सुरुवातीला मला रोज ते करू दे. उठायचं, डबा घ्यायचा, सायकल पुसायची, भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचं. हाताला सवय लागली की एका सकाळी भोंगा वाजवूच नकोस. सायकल मात्र पुसता येऊ दे. त्या वेळी निवेदकाने एक अक्षर बोलायचं नाही.

आणि अनंत चतुर्दशी! मिल बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघत राहिल्या, हे इंदूरबाहेर कितीजणांना ठाऊक आहे? काका रात्र रात्र बसून बल्बच्या माळा तपासायचे. तो प्रसंग मोठा कर, हवा तेवढा लांबव, एकेक बल्ब मला लावू दे. थकबाकीची कोर्टकचेरी, भाऊबंदकी गाळलीस तरी चालेल.

डब्यात काय असायचं ते काकूंना विचारून घे, अंदाजाने काढू नकोस. मिलमधले त्यांचे दोन-तीन सोबती अजून इथेच आहेत. मागावर हात कसे चालायचे ते मी त्यांच्याकडून समजून घेतो आणि कळवतो. नवा भाग झाला की लगेच पाठव.

तुझा,
जुना शेजारी