जुनी सिस्टीम एक्स्चेंजमध्ये घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी आली की पेपरात पानभर जाहिराती सुरू होतात, जुनी म्युझिक सिस्टीम आणा नि नव्या ब्लूटूथ स्पीकरवर सूट मिळवा. त्याबद्दल जरा लिहायचंय. नव्वदच्या दशकातल्या फिलिप्स, सोनी, आयवा, सोनोडाइनच्या सिस्टीम अजून कितीतरी घरांत शोकेसमध्ये आहेत, कॅसेटचा बेल्ट सैल झालाय, सीडी अडकते, पण आतला अ‍ॅम्प्लिफायर आणि ते दोन लाकडी खोके ठणठणीत असतात. ते देऊन मुठीएवढा डबा घरी आणायचा, ज्यात डावं-उजवं सगळं एकाच भोकातून येतं, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. (त्या सिस्टीमवर छापलेला पीएमपीओ वॅटचा आकडा तेव्हाही थापच होती (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा), ते सोडा, आवाज मात्र खरा होता.)

त्याच जुन्या सिस्टीमवर फोनमधली गाणी वाजवायला काही शे रुपयांत ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कुठेही. पण घेताना नीट बघा, रिसीव्हर फोनचा आवाज सिस्टीमला देतो आणि ट्रान्समीटर टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवतो, म्हणजे बरोब्बर उलटं काम, आणि खोकी दिसायला सारखीच. दुकानदार "दोन्ही चालतं साहेब" म्हणून काहीही हातात ठेवतो. अशा खोक्यांवर "फोनवरून सिस्टीमला" इतकं मराठीत छापायला कंपन्यांना कितीसा खर्च येणारे?

जोडायचं सोपं आहे. सिस्टीमच्या मागे लाल-पांढऱ्या सॉकेटची जोडी असते, ऑक्स, सीडी, टेप-इन असं काहीतरी लिहिलेलं, त्यात वायर घालायची. टेपच्या सॉकेटला जोडलं आणि पुढे टेप मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबायला विसरू नका, नाहीतर आवाजच येणार नाही आणि बिचाऱ्या रिसीव्हरला शिव्या बसतील. फोनो लिहिलेल्या सॉकेटच्या वाटेला मात्र जाऊ नका, ते रेकॉर्ड प्लेयरच्या पिनेतून येणाऱ्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, रिसीव्हरचा सिग्नल त्याच्या शेकडो पट असतो, सगळं फाटकं आणि घोगरं ऐकू येतं. जुन्या जर्मन-डच सेटना गोल पाच पिनांचं डिन सॉकेट असतं, त्याचं कन्व्हर्टर मिळतं. आणि आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर स्वतः काही करू नका, एसी-डीसी प्रकारच्या सेटमध्ये चासीवरच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरच, 230 व्होल्ट असू शकतात, तिथे जाणता मेकॅनिकच हवा.

जोडल्यावर घुंऽऽऽ असा आवाज आला तर बहुतेक चार्जरची भानगड असते, दुसरा चार्जर लावून बघा नाहीतर रिसीव्हर पॉवर बँकवर चालवून बघा, तेवढ्याने गेला तर दोष सिस्टीमचा नाही हे कळलं. फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ फुल आणि कमी-जास्त सिस्टीमच्या नॉबने, उलटं केलं तर खरखर वाढते. नॉब फिरवताना खर्रर्र होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. स्पीकरच्या कडेचा फोम भुगा होऊन गळत असेल तर तो बदलून मिळतो, पूर्ण स्पीकर टाकायची गरज नसते.

ब्लूटूथने आवाजाची वाट लागते म्हणणारे भेटतात. एसबीसी या ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या सगळ्यात साध्या पद्धतीतही सेकंदाला 328 किलोबिटपर्यंत डेटा जातो, कॅसेटची सूंऽऽ ऐकत मोठे झालेल्या कानांना तेवढं भरपूर आहे. खरी अडचण आहे ती उशिराची, टीव्हीला जोडलं तर बॅट आधी फिरते नि टक् नंतर ऐकू येतं, त्यामुळे मॅचसाठी वायरच लावा.

तुमच्या पुरवणीत नव्या फोनच्या कौतुकाला अर्धं पान जातं. दिवाळीच्या आधी एखादा कॉलम जुनी सिस्टीम चालू कशी ठेवायची यावरही येऊ द्या, फोटोसकट, कारण लाल-पांढरं सॉकेट कुठलं हे शब्दांत सांगून आमच्या आईला काही कळलेलं नाही.

आपला नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे