जेन्नेच्या मशिदीला सिमेंट नको

महोदय,

मालीतील जेन्ने शहराच्या मातीच्या मशिदीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला, पण त्यातली एक सूचना मनाला लागली. दरवर्षी लिंपण्याचा खटाटोप कशाला, एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाकावा, असे लेखकाने म्हटले आहे. तसे झाले तर मशीदही जाईल आणि उत्सवही.

मातीची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात ती सोडून देते. वरून सिमेंट चढवले की ओल आत कोंडते, भिंत भुसभुशीत होत जाते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. माळवदाच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आजची इमारत १९०७ ची, तिथल्याच गवंड्यांनी उभारलेली. पावसाळ्याच्या आधी, उन्हाळ्यात एक दिवस सारे शहर तिच्या लिंपणाला लोटते. नदीकाठची माती आणि भाताचा तूस खड्ड्यांत भिजवून बरेच दिवस कुजू देतात, पोरे त्यात नाचून नाचून गारा मळतात. त्या दिवशी पहाटे इशारा झाला की तरुण गाऱ्याच्या टोपल्या घेऊन धावत सुटतात. बायका पाणी आणतात, ढोल वाजत असतात, आणि आपला भाग आधी लिंपून व्हावा म्हणून शहराच्या मोहल्ल्यांत चुरस लागते. भिंतीतून बाहेर आलेले ताडाचे वासे अनेकांना निव्वळ सजावट वाटतात. गवंडी त्यांवरच पाय रोवून उंच उंच भिंती हातांनी लिंपतात. म्हणजे परांची इमारतीतच बांधलेली! याहून शहाणी रचना मला तरी ठाऊक नाही.

वर्षानुवर्षांचे थर साचून भिंती जड झाल्या होत्या, हे खरे. नोव्हेंबर २००९ मध्ये जोरदार पावसात एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळलाही. पण तेव्हा आगाखान न्यासाच्या पुढाकाराने जे काम चालू होते, त्यात साचलेले थर उतरवले गेले आणि डागडुजी मातीनेच झाली, स्थानिक गवंड्यांच्या हातांनी.

जेन्ने १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मध्य मालीतल्या हिंसाचारामुळे २०१६ पासून संकटग्रस्त वारशाच्या यादीतही. पर्यटक यायचे थांबले, त्यांच्यावर पोट असलेल्यांची मिळकत आटली. चिंता करायची तर ही करावी. 'बारे तोन' या गवंड्यांच्या संघातली विद्या हाताखाली काम करूनच पुढच्या पिढीकडे जाते. लोकांना स्वतःची घरे लिंपून घेणेच परवडेनासे झाले, तर मशिदीच्या वाशांवर चढायला माणसे कुठून येणार? जागतिक संस्थांनी पाहणी दौऱ्यांपेक्षा तरुण गवंड्यांच्या रोजीवर पैसा खर्च करावा, असे मला कळकळीने वाटते. आपणही पुरवणीत पुढचा लेख या गवंड्यांवर द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, लातूर