आई-बाबा एप्रिलमध्ये अमेरिकेला येताय? मग टॉर्नेडोची वेळ माहिती असू द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारं भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, आला की आपल्या पेपरात बातमी येते, पडलेल्या घरांचा फोटो येतो, इतके ठार तितके जखमी, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. मी बरीच वर्षं डॅलसजवळ प्लेनोला राहते. इथे आजूबाजूला एवढी मराठी घरं आहेत की एप्रिल उजाडला की प्रत्येक घरी कुणाचे ना कुणाचे आई-बाबा आलेले असतात, कारण तिकडे पुण्या-नागपुरात उन्हाळा सुरू होतो आणि इकडे हवा छान असते, सगळ्यांचा हिशोब तोच. पण उत्तर टेक्सासमध्ये टॉर्नेडोचा सीझनही नेमका तेव्हाच, एप्रिल-मे-जून. ही गोष्ट तिकीट काढताना कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी किती होतात ते सांगते. अख्ख्या अमेरिकेत वर्षाला सरासरी 1200 च्या आसपास टॉर्नेडो नोंदले जातात. हा आकडा दरवर्षी सारखा नसतो, 2024 मध्ये 1700 च्या वर झाले, आणि वर्षभर सारखे वाटलेलेही नसतात. 2011 च्या एकट्या एप्रिलमध्ये 758 झाले, आणि त्यातही 27 एप्रिलला चोवीस तासांत दोनशेहून जास्त. त्या एका दिवसात तीनशेच्या वर माणसं गेली, सगळ्यात जास्त अलाबामामध्ये. म्हणजे आठवडेच्या आठवडे काहीच नाही आणि मग एका दुपारी सगळं एकदम, असा प्रकार असतो. आई-बाबा महिनाभर राहून "अगं काही होत नाही तुमच्याकडे" म्हणायला लागतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

आता हे पण खरंय की ऐंशी टक्क्यांहून जास्त टॉर्नेडो कमजोर असतात, झाडं पडतात, छपराचे पत्रे-शिंगल्स उडतात, कुंपणं जातात. ताकद मोजायला ईएफ स्केल आहे, शून्य ते पाच. मूळ स्केल शिकागो युनिव्हर्सिटीच्या तेत्सुया फुजिता यांनी 1971 साली बनवलं, 2007 पासून त्याची सुधारलेली आवृत्ती वापरतात. ईएफ-5 म्हणजे वारा ताशी 320 किलोमीटरच्या वर. हा आकडा बहुतेक वेळा वारा मोजून येत नाही, वादळ गेल्यावर तज्ज्ञ जाऊन पडझड बघतात आणि त्यावरून ठरवतात. ईएफ-4 आणि 5 मिळून एक टक्कासुद्धा भरत नाहीत, पण आजवर टॉर्नेडोत गेलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त माणसं याच थोड्याशा वादळांनी नेलीत. ओक्लाहोमातल्या मूर गावात 20 मे 2013 ला ईएफ-5 आला, दुपारी तीनच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळेला, 24 जण गेले आणि त्यातली सात मुलं एकाच शाळेतली. त्यानंतर बारा वर्षं ईएफ-5 नव्हता आणि मग 20 जून 2025 ला रात्री नॉर्थ डकोटात आला.

सगळ्यात जोरदार टॉर्नेडो एप्रिल-मेमध्येच जास्त का येतात तर तेव्हा सगळ्या गोष्टी एकदम जुळतात. मेक्सिकोच्या आखातावरून गरम दमट हवा वर यायला लागलेली असते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, आणि वर आकाशात हिवाळ्यातला जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वेगाने वाहणारा वाऱ्याचा पट्टा, अजून जोरात वाहत असतो. खाली वारा एका दिशेने, वर दुसऱ्या दिशेने आणि कितीतरी जास्त वेगाने, त्याने ढगच्या ढग गोल फिरायला लागतो. जुलैपर्यंत जेट स्ट्रीम उत्तरेला सरकतो म्हणून सीझनही उत्तरेला सरकतो, मार्च-एप्रिलमध्ये अलाबामा-मिसिसिपी, मेमध्ये टेक्सास-ओक्लाहोमा-कॅन्सस, जून-जुलैमध्ये नेब्रास्का-डकोटा-मिनेसोटा. तुमचा मुलगा कुठे राहतो त्यावर तुमचा महिना ठरतो.

आणि वेळ, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक टॉर्नेडो दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान होतात, कारण दिवसभर जमीन तापते आणि ती उष्णता ढगांना वर ढकलते, आपल्याकडे वळीव कसा दुपारभर उकाडा झाल्यावर संध्याकाळीच कोसळतो तसंच. आता चार ते सहाला घरात कोण असतं बघा. मुलगा-सून ऑफिसात नाहीतर ट्रॅफिकमध्ये, आणि घरी आजी-आजोबा आणि नुकतीच स्कूलबसमधून उतरलेली नातवंडं. साडेसहाला हेच आजोबा बाकीच्या आजोबांबरोबर तळ्याभोवती वॉकला जातात. म्हणजे धोक्याच्या वेळेला घरातला मोठा माणूस तोच, ज्याला इथलं काहीच माहिती नाही.

शेजारच्या एका घरी असंच झालं. संध्याकाळी टॉर्नेडोच्या वॉर्निंगने फोन मोठ्याने किंचाळायला लागला तर आजींना वाटलं गॅसचा अलार्म आहे, त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि नातीला घेऊन अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. वादळ दुसरीकडून गेलं म्हणून ठीक.

तर निदान एवढं तरी येणाऱ्यांना माहिती हवं. टॉर्नेडो वॉच म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा, आणि वॉर्निंग म्हणजे फिरणारा ढग रडारवर दिसलाय किंवा खरंच टॉर्नेडो दिसलाय, आता लगेच आत. चक्रीवादळासारखे दोन-तीन दिवस हातात नसतात, वॉर्निंगनंतर साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि कधी कधी तीही नाही. इथे तळघर जवळजवळ कुणाकडेच नाही कारण उत्तर टेक्सासची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, बिनखिडकीची जागा, बाथरूम, कपाटाची खोली किंवा जिन्याखालची जागा. आमच्याकडे जिन्याखाली मुलांची सायकलची हेल्मेट्स, सगळ्यांचे जुने बूट, टॉर्च, पाणी आणि आईच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी कायम ठेवलेली असते. बूट कशाला असं आई विचारायची, तर नंतर बाहेर पडताना सगळीकडे काचा आणि खिळे असतात.

अजून एक, वॉर्निंगमध्ये काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाव सांगतात, शहराचं सांगतीलच असं नाही. आई-बाबांना घराचा पत्ता पाठ असतो पण आपण कॉलिन काउंटीत आहोत की डेंटनमध्ये हे माहितीच नसतं. कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

रात्रीचे टॉर्नेडो संख्येने कमी पण जास्त जीवघेणे, कारण दिसत नाही आणि लोक झोपलेले असतात. आणि थंडीत येत नाहीत असंही नाही, दक्षिणेकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बऱ्यापैकी येतात. केंटकीतल्या मेफिल्डचा टॉर्नेडो 10 डिसेंबर 2021 च्या रात्री आला, 57 जण गेले. इथे आमच्या जवळच गारलंडला 26 डिसेंबर 2015 ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर ईएफ-4 आला आणि दहा जण गेले, त्यातले बहुतेक हायवेवर आपापल्या गाडीत होते. म्हणून नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनीही हे वाचावं, आणि वॉर्निंग चालू असताना मुलांना "लवकर घरी ये" असा फोन करू नये. ते जिथे आहेत तिथेच पक्क्या इमारतीत थांबू देत. फ्लायओव्हरखाली थांबणं तर अजिबात नको, तिथे वारा उलट जास्त जोरात घुसतो.

हा फक्त अमेरिकेचा विषय आहे असंही कुणी समजू नये. जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा टॉर्नेडो बांगलादेशात झाला, 26 एप्रिल 1989 ला, माणिकगंज जिल्ह्यात, अंदाजे 1300 माणसं गेली. महिना एप्रिलच आणि वेळ संध्याकाळचीच. दिल्लीतही 17 मार्च 1978 ला युनिव्हर्सिटीच्या भागात टॉर्नेडोने 28 जणांचा जीव घेतला होता.

संपादक साहेब, तुमच्याकडे उन्हाळी सहलींची, व्हिसाची, परदेशी जाताना बॅगेत काय न्यावं याची पानंच्या पानं असतात. त्यात मार्चमध्ये एक चौकट याची द्या, बातमी झाल्यावर नको, आधी द्या. आणि त्यात सायरनचं, म्हणजे टॉर्नेडोच्या इशाऱ्याच्या भोंग्याचं, नक्की लिहा. आमच्याकडच्या बऱ्याच शहरांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला सायरनची टेस्ट असते, आकाश निरभ्र असेल तर घाबरू नका. पण हा सायरन बाहेर असलेल्या लोकांसाठी असतो, बंद घरात एसी आणि टीव्ही चालू असताना तो ऐकू येईलच असं नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाचे इशारे देणारा रेडिओ, आई-बाबांच्या उशाशी ठेवा आणि तो रात्री बंद करू नका म्हणून सांगा.

आपली,
एक वाचक, प्लेनो, टेक्सास