डेव्हिड सुशे यांस, पॉयरोच्या यादीबद्दल

आदरणीय डेव्हिड सुशे यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपली ओळख नाही आणि हे पत्र तुमच्या हाती पडेल असंही नाही. तरी ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण 'पॉयरो अँड मी' या तुमच्या पुस्तकाने मला जी मदत केली ती आमच्याकडच्या इतर नाटकवाल्यांपर्यंतही पोचावी. अगाथा ख्रिस्तींच्या रहस्यकथांमधला गुप्तहेर पॉयरो तुम्ही टीव्ही मालिकेत कसा साकारलात, त्याचं हे पुस्तक. मी सांगलीत हौशी रंगभूमीवर काम करते. स्पर्धेच्या नाटकांच्या तालमी घेते, नवी मुलं तयार करते.

नटांची आत्मकथनं मी आवडीने वाचते. त्यांत किस्से भरपूर असतात, पण भूमिका उभी कशी केली हे बहुधा दोन ओळींत उरकलेलं असतं. तुम्ही मात्र जेफ्री वॉन्सेल यांच्या मदतीने लिहिलेल्या या पुस्तकात सगळा भर त्यावरच ठेवलात. १९८९ ते २०१३ या काळात ७० भागांमधून एकच माणूस साकारायचा, आणि शेवटच्या भागापर्यंत त्याच्याबद्दलचं कुतूहल टिकवायचं! मधल्या काही प्रकरणांत एकेका भागाचा वृत्तान्त येतो, तिथे मी भरभर पुढे गेले. पण सुरुवातीची प्रकरणं मी पेन्सिल हातात घेऊन वाचली आहेत.

भूमिका स्वीकारावी की नाही, असं तुम्ही थोरल्या भावाला विचारलंत. जॉन सुशे तेव्हा टीव्हीवरचे नावाजलेले वृत्तनिवेदक. त्यांनी सांगितलं, या वाटेला जाऊ नकोस. त्याआधी १९८५ मध्ये पीटर उस्तिनोव्ह पॉयरो असलेल्या चित्रपटात तुम्ही इन्स्पेक्टर जॅप केला होता, आणि त्या कामावर तुम्ही स्वतःच नाखूश होतात. तरीही होकार दिलात आणि थेट अगाथा ख्रिस्तींची पुस्तकं घेऊन बसलात. वाचता वाचता पॉयरोविषयी जे जे सापडेल ते टिपत गेलात. तो बेल्जियन आहे, फ्रेंच नव्हे. कॉफी घेतो ती बिनदुधाची. साखरेचे चौकोनी खडे कधी तीन, कधी चार, क्वचित पाच. बूट टोकदार, घट्ट आणि चकचकीत. विमानप्रवास नकोसा. रात्री झोपण्यापूर्वी बायबल वाचतो. अशा ९३ नोंदी झाल्या. ती यादी तुम्ही पुढे सगळी वर्षं सेटवर जवळ बाळगलीत, आणि प्रत्येक दिग्दर्शकाच्या हाती तिची प्रत दिलीत.

मला उपयोग झाला तो या यादीचा.

आमच्या एका नाटकात एक कंजूष मामा होता, पानातलं मीठही मोजून घेणारा. तो करणारा मुलगा हुशार. पहिल्याच वाचनात त्याला हशा कुठे मिळणार ते कळलं, आणि तिथेच त्याचं काम थांबलं. तो रोज तेच करायचा, फक्त थोडं मोठ्याने. मी त्याला तुमच्या यादीबद्दल सांगितलं आणि वही दिली. मामा स्वतःबद्दल काय बोलतो, इतर त्याच्याबद्दल काय बोलतात, तो काय करतो आणि काय कधीच करत नाही, हे फक्त संहितेतून शोधून लिही. आपल्या मनचं एक अक्षरही नको. काही दिवसांनी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, घरात आलेलं प्रत्येक पत्र मामा दुसऱ्याकडून वाचून घेतो. त्याला वाचता येत नसेल का?" संहितेत तसं कुठेही म्हटलेलं नाही, पण सगळी पत्रं तशीच वाचली जातात. आम्ही ते धरून चाललो. आयुष्यभर लोक आपल्याला फसवतील या धास्तीने मोजून-मापून जगणारा माणूस त्या मुलाच्या अंगात आला. मिठाच्या प्रसंगाला प्रेक्षक पूर्वीसारखेच हसले, पण दुसऱ्या अंकातल्या पत्राच्या वेळी कोणी हसलं नाही.

इथे मला ख्रिस्तींच्या कन्या रोझलिंड हिक्स यांच्यासोबतचं तुमचं जेवण आठवतं. प्रेक्षकांनी पॉयरोबरोबर हसावं, पॉयरोला हसू नये, ही त्यांची अट तुम्ही अखेरपर्यंत सांभाळलीत. पहिल्याच भागाच्या चित्रीकरणात बागेतल्या बाकावर बसण्याआधी तुम्ही रुमालाने बाक पुसून तो रुमाल त्यावर अंथरलात. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. तुम्ही हटला नाहीत, काम अडलं, आणि अखेर निर्माते ब्रायन ईस्टमन यांनी तुमच्या बाजूने कौल दिला. हा प्रसंग मी मुलांना आवर्जून सांगते, पण एक पुस्ती जोडून: भांडायचं असेल तर लेखकाने लिहिलेल्या ओळीच्या बळावर भांडा. तुमच्यापाशी ती होती.

आवाजाबद्दल तुम्ही लिहिलंत तेही आमच्या कामी येतं. तुमचा मूळ आवाज छातीतून येणारा, खर्जातला. बेल्जियमच्या रेडिओवरची भाषणं ऐकून तुम्ही तो वर डोक्याकडे नेलात, कारण पॉयरो सारा मेंदूत राहणारा. उच्चारांची नक्कल पुष्कळांना जमते, पण या माणसाचा आवाज शरीरात कुठून निघेल हा प्रश्न फार थोडे नट स्वतःला विचारतात.

२०१० मधल्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या भागाबद्दल मात्र वेगळे आभार. तुम्ही श्रद्धावान ख्रिस्ती, पॉयरो श्रद्धावान कॅथलिक. खुनाला क्षमा करायची की कायद्याला धरून राहायचं, हा पेच तुम्ही कोड्यासारखा सोडवला नाहीत. बर्फातून जपमाळ घट्ट धरून चालणारा, रडणारा पॉयरो अनेकांना रुचला नाही म्हणे. मला तो सगळ्या ७० भागांत सर्वांत खरा वाटतो. त्या रडण्याच्या मुळाशी यादीतली बायबलची नोंद आहे, हे मला तुमचं पुस्तक वाचल्यावर उमगलं.

आणि शेवटची आखणी! पॉयरोचा मृत्यू असलेला 'कर्टन' हा भाग आधी चित्रित झाला, आणि २०१३ च्या जूनमध्ये तुम्ही डेव्हनमधल्या ग्रीनवे इथे, ख्रिस्तींच्या स्वतःच्या घरी, 'डेड मॅन्स फॉली' या भागाचं काम करत या माणसाचा निरोप घेतलात. म्हणजे नटाच्या वाट्याला आलेला शेवटचा पॉयरो जिवंत आणि हिंडता-फिरता होता. असा निरोप घ्यायला मिळाला याचा मला तुमच्यासाठी मनापासून आनंद आहे.

एवढ्या कष्टाने केलेली ती यादी तुम्ही पेटीत बंद न ठेवता वाचकांसमोर मांडलीत, त्याबद्दल मी, तो मामा करणारा मुलगा आणि आमचा सगळा गट तुमचे ऋणी आहोत. आता नव्या नाटकाचं वाचन सुरू झालंय. या वेळी वह्या मुलांनीच आणल्या, मला सांगावं लागलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगलीतली एक नाट्यकर्मी