पणजी चर्चचा कार्यक्रम परस्पर रद्द केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग,
नागपूर कार्यालय

विषय: गोवा सहलीत लेखी ठरलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल परताव्याची मागणी

महोदय,

आम्ही भावंडे, आमची मुले आणि आत्या यांच्यासाठी आपल्या कार्यालयातून गोव्याची सहल घेतली होती. स्वतंत्र गाडीचे जादा पैसे भरले, कारण कार्यक्रम आमच्या सोयीने हवा होता. तो आपणच छापून दिलात: सकाळी जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनचा मनोरा, संध्याकाळी पणजीच्या चर्चमध्ये घंटा आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना. बाकी काही दाखवले नाही तरी चालेल, हेही बुकिंगच्या वेळी सांगितले होते.

कारणही सांगितले होते. आमची आई पणजीची. नर्स म्हणून नागपूरला आली. वडील अजनीचे, रेल्वेतले. दोघांचे लग्न पणजीच्या त्याच चर्चमध्ये लागले. आता दोघेही नाहीत. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी सगळ्यांनी मिळून तिथे जायचे, असे आम्ही ठरवले होते.

मनोरा आणि चर्च ही आपल्या टूर मॅनेजरला दोन वेगळी ठिकाणे वाटली. आमच्यासाठी ती एकच गोष्ट होती. जांभ्या दगडाचा तो मनोरा 1602 साली उभा राहिला, 46 मीटर उंच. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये तिथला मठ बंद केल्यावर मनोऱ्याचे चर्च ओस पडले, 1842 मध्ये छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. पण त्याची घंटा वाचली. काही वर्षे आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहावर राहून ती 1871 मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा फक्त जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रल या चर्चची. आई हे सगळे रात्री झोपताना सांगायची. पडक्या मनोऱ्याची घंटा माझ्या लग्नात वाजली, असे म्हणताना तिचा चेहरा खुलायचा. नातवंडांना आधी तो मनोरा दाखवायचा आणि मग घंटा ऐकवायची, एवढेच आम्हाला हवे होते.

प्रत्यक्षात सकाळ काजूच्या दुकानात गेली. मनोऱ्याजवळ पोहोचलो तेव्हा टूर मॅनेजर म्हणाले, “तिथं काय बघता, पडकी भिंत आहे.” आमची प्रार्थना चालू असताना खालून हॉर्न वाजत होता. आत्याला दगडांवरून हात धरून न्यावे लागते, घाई करता येत नाही, हे त्यांना दिसत होते.

तेही आम्ही सोसले असते. संध्याकाळचे मात्र सोसवत नाही. गाडी पणजीच्या चर्चसमोर थांबलीच नाही. बोटीच्या सफरीची वेळ झाली म्हणून खिडकीतूनच पायऱ्या आणि घंटा दाखवली. ती सफर आम्ही मागितलेली नव्हती. उतरवा म्हणून आम्ही विनवले, आत्या रडली. गाडी लावायला जागा नाही, असे उत्तर मिळाले.

त्या संध्याकाळचा मिस्सा आम्ही आईवडिलांच्या नावाने आधीच सांगून ठेवला होता. आपल्या कार्यालयाला तसे ईमेलने कळवलेही होते. त्यांच्या नावाने प्रार्थना झाली तेव्हा घरचे एकही माणूस तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचे विमान होते, त्यामुळे पुन्हा जाता आले नाही.

नागपूरला आल्यावर फोन केला तर उत्तर मिळाले, “चर्च दाखवलं ना?” नाही, दाखवले नाही. गाडीच्या काचेतून दिसणे म्हणजे भेट नव्हे, आणि घंटा तर कानानेच ऐकावी लागते.

आमची मागणी अशी: त्या दिवसाचे संपूर्ण शुल्क, स्वतंत्र गाडीचे जादा पैसे आणि न मागितलेल्या बोटीच्या सफरीची रक्कम परत करावी. कार्यक्रम कोणी आणि का बदलला, याचा लेखी खुलासा द्यावा. आत्याची माफी टूर मॅनेजरने स्वतः मागावी. बोटीसाठी ग्राहक नेण्याचा काही व्यवहार असेल, तर तोही खुलाशात यावा. आम्हाला तसा संशय आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. ग्राहक राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे गोव्याचे काम गोव्यात बघा, हे उत्तर चालणार नाही.

आपली ग्राहक,
(सही)
अजनी, नागपूर

सोबत: छापील कार्यक्रम, पैसे भरल्याच्या पावत्या, मिस्साबद्दल पाठवलेल्या ईमेलची प्रत