चांदोलीची रोजची नोंदवही लोकांसमोर ठेवा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी शिराळा तालुक्यात, चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शेती करतो. माझी मागणी एकच आहे. उद्यानात आणि त्याच्या कडेच्या पट्ट्यातल्या, म्हणजे बफरच्या गावांत रोज जे घडतं, ते रोजच्या रोज मराठीत, कुणालाही वाचता येईल असं जाहीर करा.

चांदोली 1985 साली अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. हे सगळं फलकांवर लिहिलेलं आहे. पण काल रात्री आत काय झालं, हे मणदूरच्या गेटावर उभं राहून कुणाला कळत नाही. पर्यटक येतो, जीपमधून झोळंबीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार बघतो, गवा दिसला तर खूश होऊन परततो. उद्यान चालतं ते मात्र वेगळ्याच माणसांच्या पायांवर. बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या भागातला वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे वनमजूर उन्हाळ्याआधी वणवा अडवायला गवत काढून जाळरेषा काढतात, कारण सड्यावरचं गवत एकदा वाळलं की एका विडीने डोंगर पेटतो. पाणवठ्यांत पाणी आहे का बघतात, कॅमेरा ट्रॅपची कार्डं बदलतात, पावसाळ्यात जळवा अंगावर घेऊन गस्त घालतात.

आणि फासक्या शोधतात. फासकी किती साधी असते ते मी हातात धरून पाहिलं आहे. मोटारसायकलच्या क्लचची तार, तिला सरकगाठ, एक टोक करवंदीच्या बुंध्याला बांधलेलं, रानडुकराच्या मानेच्या उंचीवर. पाच पावलांवरून दिसत नाही. लावलेली असते डुकरासाठी, पण तिला भेकर, बिबट्या, वाघ हा फरक कळत नाही. अशी एक तार काढून आणणाऱ्या वनरक्षकाने त्या दिवशी कदाचित एक वाघ वाचवलेला असतो. ही गोष्ट वहीत एका ओळीत लिहिली जाते आणि तिथेच राहते. मला हे फार लागतं. ज्याच्या कामाची बातमी कधीच होत नाही, त्याच्याबद्दल गावात फक्त तक्रारी उरतात.

बातमी नसली की तिची जागा अफवा घेते. 2025 मध्ये ताडोब्यातून चांदोलीत वाघीण आणली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण त्यानंतर मोबाईलवर दर आठवड्याला कुठली तरी क्लिप फिरते. आमच्याकडे पाणंदीत ठसे दिसले आणि ‘वाघ आला’ म्हणून बाया भांगलायला जाईनात, पोरांची शाळा बुडाली. शेवटी वनरक्षक आला, चिखलात उकिडवा बसून त्याने नखांच्या खुणा दाखवल्या. ठसे तरसाचे होते. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत घेतं, हे त्या दिवशी अख्ख्या आळीला समजलं. पण पलीकडच्या वाडीला ते कुणी सांगितलं? तिथे वाघच राहिला.

गव्यांचंही तसंच. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, माणसं मागे धावली आणि पकडल्यावर तो मेला. पुढच्याच वर्षी सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला, त्याला मात्र सुखरूप हलवता आलं. या दोन घटनांत काय वेगळं केलं गेलं, गर्दी कशी आवरली, हे आम्हाला कधीच सविस्तर वाचायला मिळालं नाही. पुढचा गवा इस्लामपुरात किंवा कराडात शिरला तर लोक पुन्हा मोबाईल उंच धरून त्याच्या मागेच धावणार. उसातल्या बिबट्याच्या पिल्लांचंही असंच. तोड चालू असताना पिल्लं सापडली तर हात न लावता दूर व्हायचं आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करायचा, म्हणजे रात्री आई त्यांना घेऊन जाऊ शकते. आई येऊन पिल्लं नेते तेव्हा वहीतली ती ओळ जाहीर झाली, तर शंभर भाषणांनी होत नाही ते काम होईल.

हे काही जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने बरीच वर्षं ‘मॉर्निंग रिपोर्ट’ नावाचा अहवाल काढला. कुठे गिर्यारोहक अडकला, कुठे आग लागली, कुठे शिकारी पकडला, सगळं थोडक्यात आणि लोकांसाठी खुलं. यलोस्टोनमध्ये आजही बायसनने कुणाला उडवलं की उद्यान स्वतः ते जाहीर करतं आणि त्याच्यापासून किमान 23 मीटर लांब राहा, हा नियम पुन्हा सांगतं. अपघात लपवल्याने उद्यानाची अब्रू राहते, असं तिथे कुणाला वाटत नाही.

आपल्याकडे नोंद नाही असंही नाही. व्याघ्र प्रकल्पात गस्तीची माहिती ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीत मोबाईलवरूनच भरली जाते. पंचनामे होतात, गुन्हे नोंदवले जातात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम 4 तर सांगतं की कुणी मागण्याची वाट न बघता माहिती स्वतःहून द्या. मग आम्ही अर्ज का करायचे?

शिकाऱ्याला वाघाचा ठावठिकाणा कळेल, ही भीती खरी आहे आणि मला मान्य आहे. म्हणून वाघाची जागा, कॅमेऱ्यांच्या जागा, गस्तीच्या वाटा यातलं काहीही देऊ नका. चालू तपासही झाकून ठेवा. पण वणवा कुठे लागला आणि किती वेळात विझला, किती फासक्या काढल्या, कुणाच्या भाताचं गव्यांनी नुकसान केलं आणि पंचनामा कोणत्या तारखेला झाला, यात लपवण्यासारखं काय आहे? ही तारीख आमच्यासाठी फार मोलाची आहे. रात्रभर माळ्यावर बसून राखण केलेलं पीक पहाटे तुडवलेलं बघायचं आणि मग भरपाईसाठी ‘तुमचा अर्ज वर गेलाय’ एवढंच ऐकायचं, हे कडेच्या गावांतल्या कितीतरी घरांचं झालं आहे. तारीख सगळ्यांसमोर असेल तर कागद कुठे अडला ते विचारता तरी येईल.

या कामाचा बोजा वनरक्षकावर टाकू नका, त्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात एक माणूस द्या, जो वही बघून रोज अर्धं पान लिहील. पहिल्यांदा चांदोलीच्या एखाद्या परिक्षेत्रात सहा महिने करून बघा. ते पान संकेतस्थळावर टाकाच, पण ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा, कारण डोंगरातल्या बऱ्याच वाड्यांना रेंज नाही. उद्यानासाठी उठून खाली आलेल्या गावांनाही ते पाठवा. त्यांची देवळं अजून त्या रानात आहेत.

येत्या वणव्याच्या हंगामाआधी हे सुरू व्हावं, अशी विनंती आहे. आपण नाही म्हणालात तर त्याचं कारण लेखी कळवावं.

आपला,
शिराळा तालुक्यातील एक शेतकरी