वॉटसनच्या इमारतीबद्दल

मुंबई,
१२ जानेवारी २०२०

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

परवा कोर्टातून निघालो तो पाय आपोआप काळ्या घोड्याकडे वळले. आपली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, रिकामी आहे. सगळे भाडेकरू गेल्या वर्षी बाहेर काढले. फुटपाथवर उभा राहून वर बघत राहिलो. आपल्या सरांच्या ऑफिसची खिडकी कुठली, तेसुद्धा पटकन ओळखू येईना.

सरांच्या टेबलालगतचा लोखंडी खांब आठवतो ना? त्याला तार गुंडाळून आपण काळे कोट टांगायचो. पावसाळ्यात कॉलरला गंजाचा तांबूस डाग पडायचा आणि सर ओरडायचे. तेव्हा तो खांब म्हणजे आपल्याला नुसती अडचण वाटायची. तो विलायतेत ओतून, बोटीने मुंबईला आणून इथे उभा केला होता, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलंच नाही. सगळा सांगाडाच तसा आला. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा आराखडा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही हाच माणूस होता. १८६७ ते १८६९ या काळात सुटे भाग इथे जोडले. मुंबईच्या जुन्या किल्ल्याची तटबंदी नुकतीच पाडली होती, समोर मोकळं मैदान आणि त्यात हा पाच मजली लोखंडी पिंजरा! बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, सांग.

जॉन वॉटसन मूळचा कापडाचा व्यापारी. त्याचं हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. खोल्या १३०, आणि वाफेवर चालणारी लिफ्ट. आपण ज्या जिन्यावर फायली घेऊन धापा टाकायचो, त्याच इमारतीत! जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि त्याने इथल्या कावळ्यांबद्दल भरभरून लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली गेली, तीही इथेच. तिकीट एक रुपया. मुंबईतले ते खेळ पाहून आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. म्हणजे मराठी माणसाच्या सिनेमाची नाळ या इमारतीपर्यंत पोचते. दारावर याची साधी पाटी नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांना सांगायचो. पण तिला ठोस पुरावा नाही, म्हणून मी आता ती सांगत नाही. १९०३ मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनला उतरती कळा लागली, एवढं मात्र खरं. पुढे हॉटेल बंद झालं, खोल्यांचे लाकडी पार्टिशन घालून तुकडे झाले आणि कोर्ट जवळ म्हणून आपल्यासारखे वकील येऊन बसले.

२००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला, ते मी विसरलेलो नाही. धोका खरा आहे. आयआयटीचा अहवालही पाडा असंच म्हणतो. पण संजय, असा ओतीव लोखंडाचा सांगाडा असलेल्या इतक्या जुन्या बहुमजली इमारती जगात आज थोड्याच उरल्या आहेत. जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००६ च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत तिचं नाव घातलं होतं. तेव्हापासूनची इतकी वर्षं कुणी गंज खरवडला असता तरी पुष्कळ होतं. आणि जे सुटे भाग जोडून उभं केलं, ते एकेक उतरवून, दुरुस्त करून परत का जोडता येऊ नये? मला तरी हे अशक्य वाटत नाही.

एक काम कर. वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी सज्जात काढलेला आपला फोटो तुझ्याकडे आहे. त्यात आपल्या मागे कठडा आणि खांबाचं नक्षीकाम स्वच्छ दिसतं. तो स्कॅन करून पाठव. इमारत वाचावी म्हणून धडपडणाऱ्या आर्किटेक्ट मंडळींना नेऊन देतो. शक्यतो या आठवड्यातच पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनायक